सोळाव्या वर्षीची सही

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातील सॅस्काटून या गावी, १९२९ नंतरच्या महामंदीने धान्याचे भाव आणि माणसांचे रोजगार एकाच वेळी धुळीला मिळवलेले असताना, एका हिवाळ्यात एक शेजारीण जुन्यापुराण्या वस्तूंचे पोते घेऊन हाऊ कुटुंबाच्या दाराशी येऊन उभी राहिली. घरात मुलाला दूध पाजण्यापुरतेही पैसे नाहीत, तेव्हा हे पोते ठेवून घ्या आणि हाताला येईल ते द्या, एवढेच तिचे मागणे होते. हाऊबाईंचा स्वतःचा संसार नऊ मुलांचा, नवरा मिळेल ते काम करणारा. तरी त्या माउलीने गाठीचा दीडएक डॉलर काढून तिच्या हातावर ठेवला. पोते जमिनीवर पालथे केले तेव्हा चिंध्याचपाट्यांच्या ढिगातून स्केटचा एक जोड घरंगळत बाहेर आला, आणि त्यातला एक लहानग्या गॉर्डीला व दुसरा त्याच्या बहिणीला अशी तत्काळ वाटणी होऊन ती दोघे भावंडे एकेका पायावर तोल सावरीत बर्फावर घसरू लागली. बूट मोठ्या माणसाच्या मापाचे, म्हणून आत मोज्यांवर मोजे कोंबावे लागले. थोड्या वेळाने बहीण गारठून घरात गेली, पायातला स्केट तिने काढून ठेवला, आणि तो तिला पुन्हा कधी मिळाला नाही.

हा गॉर्डन हाऊ ३१ मार्च १९२८ रोजी जन्मला आणि १९८० च्या वसंत ऋतूत, वयाची बावन्न वर्षे पुरी झाल्यावर, नॅशनल हॉकी लीगमधील आपला अखेरचा सामना खेळला. या दोन टोकांमध्ये त्या लीगमधले सव्वीस हंगाम, १,७६७ सामने आणि ८०१ गोल आहेत. आइस हॉकीच्या इतिहासात त्याच्यापेक्षा वेगवान खेळाडू झाले, त्याच्यापेक्षा नेत्रदीपक खेळाडू तर पुष्कळच झाले. परंतु व्यावसायिक हॉकीपटूचे जीवित म्हणजे काय, त्याचे वेतन कोण ठरवतो, त्याच्या देहावर मालकी कोणाची, आणि तो म्हातारा झाला म्हणजे त्याचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे ज्या एका चरित्रात एकत्र वाचावयास मिळतात ते चरित्र हाऊचेच होय. बर्फावर ज्याच्या कोपराच्या टप्प्यात यावयास भलेभले कचरत, तो मनुष्य व्यवस्थापकाच्या टेबलासमोर खुर्चीत बसला की दोन दशके जवळजवळ मुका होत असे. मला या खेळाविषयी कुतूहल वाटू लागले ते या विसंगतीमुळे. गोलांचे आकडे मागाहून आले.

सॅस्कॅचेवान हा गव्हाचा मुलूख. नजर पोचेल तेथवर सपाटी, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश उतरला तरी त्याचे कोणास नवल वाटत नाही. नदी गोठते, शेतातली डबकी गोठतात, आणि मुलांना रात्रंदिवस फुकट मैदान मिळते. गॉर्डी अभ्यासात मागे होता. तिसऱ्या इयत्तेत तो दोनदा नापास झाला, आणि वर्गातल्या मुलांनी त्याला मठ्ठ ठरवून टाकले. लाजाळूपणा आधीच होता, तो याने अधिकच मुरला. उन्हाळ्यात तो बापाबरोबर बांधकामावर जाई आणि सिमेंटची पोती वाही. पुढे त्याच्या खांद्यांची व मनगटांची जी ख्याती झाली तिचे मूळ हॉकीच्या सरावापेक्षा या पोत्यांत अधिक असावे, असे त्याच्याविषयी लिहिणाऱ्या अनेकांना वाटत आले आहे.

पंधराव्या वर्षी, १९४३ मध्ये, न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने त्याला विनिपेग येथील निवड-शिबिराला बोलावले. अंगावर बांधावयाच्या संरक्षक पट्ट्या-गाद्यांचा क्रम ठाऊक नाही, शेजारचा काय करतो ते चोरून पाहावे आणि तसे करावे, जेवणाच्या टेबलावर मोठ्यांनी थट्टा करावी, आणि रात्री घरची आठवण यावी; मुलगा थोड्याच दिवसांत गावी परतला. पुढच्या वर्षी डेट्रॉइट रेड विंग्जचे शिबिर नदीपलीकडच्या विंडसर या कॅनडातील शहरी भरले, आणि तेथे संघाचा व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स याने या सोळा वर्षांच्या उंच, अबोल पोराकडून करारनाम्यावर सही घेतली. सहीच्या बदल्यात पोराने एकच वस्तू मागितली: संघाचे नाव असलेले जाकीट. अ‍ॅडम्सने होकार दिला आणि तो विसरून गेला. दिवसांमागून दिवस गेले, जाकीट आले नाही. पुढे नव्या करारनाम्याचा प्रसंग आला तेव्हा हाऊने लेखणी खाली ठेवून त्या जाकिटाची आठवण करून दिली, आणि मगच ते त्याच्या अंगावर चढले. अ‍ॅडम्सशी घासाघीस करून त्याने काही पदरात पाडून घेतल्याचा हा पहिला प्रसंग. आणि पुढील कितीतरी वर्षे, याहून मोठा दुसरा प्रसंग त्याच्या चरित्रात सापडत नाही.

येथे थोडे थांबून त्या काळच्या करारनाम्यांचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे काहीच नीट उमजणार नाही. आपल्या जुन्या सनदांतून 'यावच्चंद्रदिवाकरौ' असा एक भारदस्त शब्द येतो. इनाम देणाऱ्याने आपल्या वंशासकट कायमचे बांधून घ्यावे, असा त्याचा आशय. हॉकीच्या धंद्यात 'सी' फॉर्म या नावाने ओळखला जाणारा जो कागद होता त्याचाही बाणा असाच चंद्रसूर्यांचा होता; फरक इतकाच की येथे देणारा मोकळा राही आणि घेणारा बांधला जाई. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या, अथवा त्याच्या वतीने बापाच्या, सहीने त्या मुलाच्या व्यावसायिक खेळावरील हक्क एका संघाच्या स्वाधीन होई, आणि मोबदला बहुधा शंभर डॉलरच्या आसपास मिळे. पुढे तो मुलगा लीगमध्ये आला म्हणजे त्याच्या वार्षिक करारनाम्यात राखीव हक्काचे कलम असे. वर्ष संपले तरी खेळाडूवरील हक्क संपत नसे; संघाला तो हवा असेल तोवर त्याने अन्यत्र खेळू नये, आणि संघाला तो नकोसा झाला की त्याला विकावे, बदलून टाकावे, अथवा दूरच्या दुय्यम संघात धाडून द्यावे, यांपैकी कशालाही त्याच्या संमतीची जरुरी नव्हती. १९६२ साली, म्हणजे हाऊच्या सहीनंतर अठरा वर्षांनी, बॉबी ऑर या चौदा वर्षांच्या असामान्य मुलाला बॉस्टन संघाने बांधून घेतले तेव्हा त्याच्या घरच्यांना रोख हजार डॉलर, एक मोटार आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना नवा गिलावा मिळाला, आणि ती त्या काळी चांगली घासाघीस समजली गेली.

आपल्याकडे कुस्तीलाही राजाश्रय होता. शाहू छत्रपतींनी १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले, मल्लांना तालमी दिल्या, खुराक दिला; परंतु एका दरबाराने हात आखडता घेतला तर पैलवानाला दुसऱ्या संस्थानची वाट धरता येई. हॉकीत दरबार मुळी सहाच होते. १९४२ पासून १९६७ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये माँट्रियल, टोरोंटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट एवढेच संघ, आणि अवघ्या उत्तर अमेरिका खंडातल्या हॉकीपटूंसाठी मिळून जागा सव्वाशेच्या आत. सहाही दरबारांचा आपापसांत करार की एकाचा माणूस दुसऱ्याने घ्यावयाचा नाही. त्यातही गंमत अशी की डेट्रॉइटचे मालक असलेल्या नॉरिस घराण्याचे हितसंबंध शिकागो आणि न्यूयॉर्क येथेही गुंतलेले होते. तेव्हा सहा दरबार म्हणावयाचे तेही कागदोपत्रीच. जॅक अ‍ॅडम्सविषयी अशी आख्यायिका आहे की तो खेळाडूंच्या खोलीत हिंडे तेव्हा त्याच्या कोटाच्या वरच्या खिशातून दुय्यम संघाच्या गावची आगगाडीची तिकिटे मुद्दाम दिसतील अशी डोकावत असत. तोंडाने काही बोलण्याची आवश्यकता नव्हती.

हाऊ प्रथम गॉल्ट येथील कुमार संघात गेला. तेथे प्रांत बदलून आलेल्या खेळाडूंविषयीच्या नियमामुळे त्याला जवळजवळ वर्षभर नुसता सरावच करावा लागला. मग एक हंगाम ओमाहा येथे, आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी, अठराव्या वर्षी, टोरोंटोविरुद्ध त्याने लीगमध्ये पदार्पण केले व त्याच सामन्यात पहिला गोल केला. त्या वेळी त्याच्या पाठीवर १७ हा आकडा होता. पुढच्या हंगामात त्याने ९ घेतला, आणि तो पुढे इतका पूज्य झाला की पुढच्या पिढीतल्या वेन ग्रेट्स्की या नामांकित खेळाडूने आपल्या पाठीवर तोच आकडा दोनदा लिहून घेतला. परंतु तो घेण्याचे कारण अगदीच व्यावहारिक होते. संघ आगगाडीने प्रवास करी, आणि लहान आकड्याच्या खेळाडूला खालचा बर्थ मिळे. दिवसभराच्या मारामारीनंतर वरच्या बर्थवर चढणे ज्याच्या गुडघ्यांनी अनुभवले असेल त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मारामारी हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. बर्फावरची हॉकी ही आपल्या हिरवळीवरच्या हॉकीची बहीण खरी, पण माहेर तुटलेली. दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद असा बर्फाचा चौक, भोवती लाकडी फळ्यांची भिंत, प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा माणसे, आणि चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, कडक रबराची चकती. तिला पक म्हणतात, आणि ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. बर्फावर पाय थांबत नाहीत. माणूस तासाला वीस-पंचवीस मैलांच्या वेगाने फळ्यांकडे फेकला जातो, आणि पक ज्याच्याजवळ आहे त्याला खांद्याने व कुल्ल्याने धडक देणे नियमांत बसते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात; परंतु इतक्या वेगात कोणी सलग खेळू शकत नाही, म्हणून खेळाडू मिनिटा-दोन मिनिटांनी बाकावर परततात आणि त्यांच्या जागी ताजी माणसे कठड्यावरून उडी मारून येतात. आघाडीला एकत्र खेळणाऱ्या अशा तिघांच्या त्रिकुटाला तेथे 'लाइन' म्हणतात. सिड एबल मध्ये, डावीकडे टेड लिंडसे आणि उजवीकडे हाऊ अशी डेट्रॉइटची जी लाइन १९४९-५० च्या हंगामात खेळली तिला, मोटारींच्या कारखान्यांचे ते शहर असल्यामुळे, 'प्रॉडक्शन लाइन' हे नाव पडले, आणि त्या वर्षी गुणांच्या यादीत (स्वतः केलेला गोल अथवा दुसऱ्याच्या गोलला दिलेले साहाय्य म्हणजे एक गुण) पहिले तिन्ही क्रमांक त्या तिघांनी घेतले.

हाऊच्या खेळाचे वर्णन करताना तत्कालीन प्रेक्षक नेहमी त्याच्या संथपणाविषयी बोलतात. तो धावतो आहे असे वाटतच नसे. चार लांब टांगा टाकून तो हव्या त्या ठिकाणी जाऊन उभा राही. त्या काळी स्टिकचे पाते सरळ असे, पुढच्या पिढीसारखे वाकवलेले नसे, आणि हाऊ उजवा-डावा दोन्ही हातांनी सारखाच खेळे. गोलरक्षक एका बाजूचा कोन झाकण्यासाठी सरकला की हा धावता धावता हात बदली आणि दुसऱ्या बाजूने मनगटाच्या एका झटक्यात पक आत सारी. बाकी त्याचा स्वभाव खुनशी म्हणावा इतका हिशेबी होता. कोणी त्याला तोंडावर स्टिक मारली तर तो लगेच काही करीत नसे. आठवड्याने, महिन्याने, पंचाची पाठ वळली की कोपर कोठून आले हे समोरच्याला कळत नसे. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कचा लू फाँटिनाटो नावाचा धिप्पाड मल्ल त्याच्यावर धावून गेला, तेव्हा हाऊने एका हाताने त्याची बंडी धरून दुसऱ्या हाताने त्याच्या नाकाची अशी वाट लावली की 'लाइफ' साप्ताहिकाने त्या नाकाचे छायाचित्र छापले. त्यानंतर त्याला मुद्दाम डिवचण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही.

त्याच्या स्वतःच्या देहानेही कमी सोसले नाही. २८ मार्च १९५० रोजी टोरोंटोविरुद्धच्या सामन्यात प्रतिपक्षाचा नायक टेड केनेडी याला धडक देण्याच्या प्रयत्नात हाऊ तोंडावर फळ्यांवर आदळला. कवटीला तडा गेला, मेंदूवर दाब पडू लागला, आणि त्याच रात्री शस्त्रवैद्यांना कवटीला छिद्र पाडून तो दाब कमी करावा लागला. सॅस्काटूनहून आईला बोलावून घेण्यात आले. तो वाचला, त्याच्यावाचून त्याच्या संघाने त्या वर्षीचा स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाचा करंडक, जिंकला, आणि डोक्याला पट्टी बांधलेला हाऊ तो करंडक हाताळण्यासाठी बर्फावर आला तेव्हा सारे सभागृह उभे राहिले. पुढच्या हंगामात तो सत्तरच्या सत्तर सामने खेळला व ८६ गुणांनी लीगमध्ये पहिला आला. १९५२, १९५४ आणि १९५५ साली डेट्रॉइटने पुन्हा कप जिंकला. (१९५२ च्या स्पर्धेत आठ विजय मिळवावे लागत, म्हणून मासळी विकणाऱ्या दोन भावांनी आठ पायांचा ऑक्टोपस बर्फावर भिरकावला, संघाने आठही सामने ओळीने जिंकले, आणि हा किळसवाणा प्रकार शुभशकुन म्हणून त्या शहरात रूढ झाला.) लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी हाऊला सहा वेळा मिळाली.

आता टेड लिंडसेकडे वळावयाचे. हा हाऊहून तीन वर्षांनी मोठा, पाच फूट आठ इंचांचा, वजनाने किरकोळ आणि स्वभावाने निखारा; चेहऱ्यावर टाक्यांच्या इतक्या खुणा की हाऊच्या चेहऱ्याकडे त्यामानाने सभ्य म्हणून पाहावे. दोघे बर्फावर एकमेकांचे मन नजरेने ओळखीत, आणि हाऊच्या लग्नापूर्वी काही काळ एकाच बिऱ्हाडी राहत. परंतु लिंडसेला एक खोड होती: तो हिशेब विचारी. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाचा एक निधी होता. खेळाडू आपल्या पगारातून त्यात भर घालीत, आणि त्याच्या मंडळावर खेळाडूंच्या बाजूने लिंडसे आणि माँट्रियलचा डग हार्वी हे होते. निधीत किती जमा झाले, कोठे गुंतवले आणि व्याज किती आले, हे दाखवा, असे त्यांनी म्हटले. वह्या दाखवण्याचे मालकांनी नाकारले. मंडळाच्या सभासदाला मंडळाचे दप्तर पाहावयास मिळू नये, ही गोष्ट लिंडसेच्या गळी उतरेना. बेसबॉलच्या खेळाडूंचे वकील गाठून, प्रतिपक्षाच्या खेळाडूशी बोलणेसुद्धा शिस्तभंग समजला जाण्याच्या त्या काळात, गुपचूप एकेका संघातील एकेक विश्वासू माणूस पकडून त्याने खेळाडूंची संघटना बांधली. प्रत्येकाने शंभर डॉलर वर्गणी दिली, आणि अपवाद एखाद्याचाच सोडता लीगमधील सर्वांनी सह्या केल्या. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ही वार्ता जाहीर झाली तेव्हा मालकांना तिचा सुगावाही नव्हता.

त्यानंतर जे घडले त्याची तऱ्हा आपल्याकडच्या गिरणी कामगारांच्या चळवळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अपरिचित वाटणार नाही. तो हंगाम लिंडसेच्या आयुष्यातील उत्तम हंगामांपैकी एक होता. ८५ गुण मिळवून तो लीगमध्ये दुसरा आला, पहिला अर्थात हाऊ, ८९ गुणांचा. जुलैमध्ये अ‍ॅडम्सने लिंडसेची रवानगी शिकागोला, म्हणजे लीगमधील तळाच्या संघाकडे, केली. टोरोंटोचा प्रतिनिधी जिम थॉमसन हाही तेथेच विकला गेला. लिंडसे कृतघ्न आहे हे पटवण्यासाठी अ‍ॅडम्सने वार्ताहरांना एक करारनामा दाखवला, आणि त्यात लिंडसेचा पगार २५ हजार डॉलर लिहिलेला होता. वास्तविक पगार त्याच्या निम्म्याहून कमी असून तो कागद बनावट होता. संघटनेने मालकांवर तीस लाख डॉलरची फिर्याद गुदरली. परंतु नोव्हेंबर १९५७ मध्ये एका संघाच्या खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतले आणि इमारतीचा पायाच खचला. तो संघ डेट्रॉइटचा होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये मालकांशी तडजोड झाली. किमान वेतन सात हजार डॉलर ठरले, निवृत्तिवेतनात मालकांनी थोडी भर घालण्याचे कबूल केले, आणि संघटना विसर्जित झाली. पुन्हा ती उभी राहावयास १९६७ साल उजाडावे लागले.

डेट्रॉइटच्या खेळाडूंनी माघार घेतली त्यात हाऊ होता. तो उभा राहिला असता तर इतर उभे राहिले असते, हे लिंडसेने पुढे अनेकदा बोलून दाखवले, आणि ते खरेच असावे. कारण लीगमधील पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला शिकागोला पाठवण्याची छाती अ‍ॅडम्सलाही झाली नसती. हाऊला भित्रा म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही, आणि त्याला निर्दोष म्हणणेही जमत नाही. ज्या घरात दीड डॉलर ही मोठी रक्कम होती आणि ज्या शाळेने आपल्याला मठ्ठ ठरवले, तेथून आलेल्या मुलाला लहानपणापासून आवडणारी एकमेव गोष्ट करण्याबद्दल कोणी पगार देतो, हे त्याला अखेरपर्यंत जरासे अद्भुत वाटत असावे. असे सांगतात की दरवर्षी अ‍ॅडम्स त्याच्यापुढे कोरा कागद ठेवी आणि हवा तो आकडा लिही म्हणे, आणि हाऊ गेल्या वर्षीच्या पगारात हजार डॉलर मिळवून सही करी. लीगमध्ये तुझ्याहून अधिक कोणालाही मिळत नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने कोणाला विचारले नाही. पगाराविषयी एकमेकांशी बोलू नये, अशी रीत होती.

ती रीत मोडली बॉबी बॉन या सहकाऱ्याने. १९६८-६९ च्या हंगामात हाऊ चाळिशी ओलांडून गेलेला होता आणि त्याच हंगामात, एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्यात प्रथमच एका हंगामातील शंभर गुणांचा टप्पा गाठला. तो वर्षाला ४५ हजार डॉलर घेत होता. टोरोंटो-ओकलंड करीत नुकताच डेट्रॉइटला आलेला बॉन, जो बचावफळीतला एक कणखर पण सामान्य खेळाडू होता, त्याने हाऊला सांगितले की मला तुझ्यापेक्षा अधिक मिळतात, पुष्कळच अधिक. हाऊ मालक ब्रूस नॉरिस याच्याकडे गेला आणि एक लाख मागितले. नॉरिसने तत्काळ होय म्हटले. यातल्या 'तत्काळ' या शब्दाने हाऊला काय वाटले असेल याची कल्पना वाचकाने करावी. आकडा मागण्याचीच खोटी होती, आणि ती मागणी यावयास बावीस वर्षे लागली होती.

दोन वर्षांनी मनगटातील संधिवाताने त्याला खेळ सोडावा लागला. संघाने त्याला कचेरीत एक खुर्ची, एक पद आणि भिंतीवर लावण्याजोगी एक पाटी दिली. काम मात्र दिले नाही. समारंभात उभे राहणे, हस्तांदोलन करणे, आणि मेजवान्यांत संघाची शोभा वाढवणे यांत दोन वर्षे गेली.

तोवर बाहेरचे जग बदलले होते. १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली. तिच्यातील विनिपेग संघाकडे येण्यासाठी बॉबी हल या नामांकित खेळाडूला केवळ सहीपोटी दहा लाख डॉलर मिळाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातील न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी जुन्या लीगला आपल्या राखीव हक्काच्या कलमावर बोट ठेवून खेळाडूंना अडवण्यास मनाई केली. चंद्रसूर्यांच्या हवाल्याने केलेला कागद न्यायालयात हंगामभरही टिकला नाही. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने हाऊची दोन मुले, मार्टी आणि मार्क, यांना घेतले. आणि बापाने विचारले की तिसरा हाऊ तुम्हाला चालेल काय. पंचेचाळिसाव्या वर्षी, मनगटावर शस्त्रक्रिया करवून घेऊन, तो पुन्हा बर्फावर उतरला. पहिल्या दिवसांत त्याचा चेहरा सरावानंतर जांभळा पडे असे मुलांनी सांगितले आहे. त्या हंगामात ह्यूस्टनने अजिंक्यपद मिळवले आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब याच आजोबा होऊ घातलेल्या गृहस्थाला मिळाला. या करारनाम्याची घासाघीस करण्यात त्याची पत्नी कॉलीन हिचा मोठा वाटा होता. मालकांशी बोलताना नवऱ्याची जीभ टाळ्याला चिकटते हे ओळखून त्या बाईने पुढे संसाराबरोबर व्यवहारही आपल्याकडे घेतला, आणि हॉकीतील मालकवर्गात तिच्याविषयी जी कुरकुर होती तीच तिच्या कर्तबगारीची पावती समजावयास हरकत नाही.

१९७९ मध्ये दोन्ही लीग एकत्र झाल्या, आणि हाऊ हार्टफर्ड व्हेलर्सच्या अंगरख्यात जुन्या लीगमध्ये परतला. ऐंशीच्या ऐंशी सामने, पंधरा गोल. ५ फेब्रुवारी १९८० रोजी डेट्रॉइट येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला. निवेदकाने प्रत्येक खेळाडूचे नाव घेऊन त्याला बर्फावर बोलावले आणि सर्वांत शेवटी, नाव न घेता, केवळ 'नंबर नऊ' असे म्हटले. एकवीस हजारांवर माणसे उभी राहून कितीतरी वेळ ओरडत होती. आणि तो पन्नाशी उलटलेला पांढऱ्या केसांचा मनुष्य, आता काय करावे हे न कळून, मान खाली घालून बर्फावर लहान लहान फेऱ्या मारीत होता. लाजाळूपणा काही गेला नव्हता.

निवृत्तिवेतनाच्या त्या वह्यांचे काय झाले, एवढे सांगावयाचे राहिले. हाऊ अखेरचा सामना खेळला त्यानंतरच्या दशकात निवृत्त खेळाडूंपैकी कार्ल ब्रूअर, जो एकेकाळी हाऊबरोबर डेट्रॉइटला खेळला होता, याने पुन्हा तोच जुना प्रश्न विचारावयास सुरुवात केली: निधीत जी शिल्लक वाढत गेली ती कोणाची? मालकांनी ती आपली समजून आपल्या वाट्याची वर्गणी तिच्यातून वळती करून घेतली होती. १९९१ मध्ये सात खेळाडूंनी ओंटारिओच्या न्यायालयात दावा दाखल केला. ऑक्टोबर १९९२ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला, आणि १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे अपील दाखल करून घेण्याचेही नाकारले. कोट्यवधी डॉलर सव्याज खेळाडूंना परत द्यावे लागले. सुनावणीसाठी मालकांना जे दप्तर न्यायालयापुढे ठेवणे भाग पडले ते त्याच निधीचे होते, ज्याचा जमाखर्च दाखवा असे लिंडसेने पस्तीस वर्षांपूर्वी म्हटले होते. वादींच्या सात नावांत एक नाव गॉर्डन हाऊ याचे होते. या खेपेस त्याने अंग काढून घेतले नाही.